गाडी सेल्फ घेत नाही

पिकअप सुरू होत नाहीये हे मालकाच्या आधी शेजाऱ्याला कळतं. पहाटेचे चार वाजलेले असतात, मागे कांदा भरलेला असतो, मालक केबिनमध्ये बसून किल्ली फिरवतो आणि बॉनेटखालून ‘कटकटकटकट’ ऐकू येतं. लगेच शेजारच्या ओट्यावरून अंधारातूनच आवाज येतो, “बॅटरी बसली वाटतं!” अंथरुणातून न उठता केलेलं हे निदान पुढे येणाऱ्या बऱ्याच तज्ज्ञांपेक्षा सरस असतं. पण ते फुकट असल्यामुळे त्याला कोणी किंमत देत नाही.

या आवाजांचं आमच्याकडे पक्कं शास्त्र आहे. ‘घर्र’ करून इंजिन एका दमात फिरलं तर बॅटरी ठणठणीत. ‘उंऽऽह... उंऽऽह...’ असं कण्हत फिरलं तर उतरलेली. एकदाच ‘टक्’ झालं आणि पुढे सगळं चिडीचूप, तर सेल्फमध्ये बिघाड किंवा टर्मिनल ढिलं. आणि कटकट झाली तर समजायचं की बॅटरीत सोलेनॉइड ओढण्यापुरताच जीव उरलाय. सोलेनॉइड सेल्फची मोटर जोडतो, मोटर दोनशेच्या वर अँपिअर मागते, तेवढ्याने व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो; तो सुटला की व्होल्टेज वर येतं आणि तो पुन्हा ओढला जातो. बॅटरी सोलेनॉइडला हो म्हणते, मोटरला नाही म्हणते. हा वाद मिटेपर्यंत किल्ली धरून बसू नये, कारण तो मिटतो तेव्हा टेपसुद्धा वाजत नसतो.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, चांदवड तालुक्यात कांदा पिकवतात आणि स्वतःच्या पिकअपमधून लासलगावच्या बाजारात नेतात. गाडी सेकंडहँड घेतलेली, घेतली तेव्हाच वयात आलेली, आणि इतकी जुनी की इंजिन बंद करायला अजून डॅशबोर्डखालचा दांडा ओढावा लागतो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा काडीचा संबंध नाही. मागच्या फळक्यावर ‘सावकाश जा’ असं रंगवलंय. फळक्यावरचा मजकूर तंतोतंत पाळणारा महाराष्ट्रातला एकमेव पिकअपमालक म्हणजे दाजी. डिझेल महाग आहे, हे त्यांना डिझेल स्वस्त होतं तेव्हापासून माहीत आहे. गाडी चालू झाली की ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायचा तोही पाहुण्यासारखा, लगेच वरचा गिअर टाकायचा आणि चाळीसच्या आत गाडी रेटायची.

बॅटरीने दगा द्यायला लागल्यापासून दाजींना जिल्ह्यातले सगळे उतार पाठ झाले. चहा कुठे चांगला मिळतो यापेक्षा कुठल्या हॉटेलापुढची जागा उताराची आहे, यावर चहा ठरू लागला. अक्काने रेणुकामातेच्या दर्शनाला जाऊ म्हटलं की दाजी ताबडतोब तयार. देवी डोंगरावर आहे, तेव्हा परतीची सोय देवीनेच केलेली. सोयरीक बघायला गेले तर मुलाकडच्या अंगणाला उतार नाही म्हणून गाडी गावाबाहेर लावून चालत गेले, आणि “पाव्हणे फार साधे आहेत” असा लौकिक कमावून आले.

उतार नसेल तिथे धक्का. धक्का मारणाऱ्यांच्याही जाती असतात. काही जण खरोखर ढकलतात. काही जण आरशावर दोन बोटं टेकवून सोबत चालतात. एक जण नेहमी पुढे उभा राहून “हां, सोडा, सोडा क्लच!” असं ओरडतो; त्याचा हात गाडीला लागलेला आजवर कोणी पाहिला नाही, पण गाडी सुरू झाली की घाम तोच पुसतो. रिकाम्या गाडीला हे सगळं ठीक. पंधरा क्विंटल कांदा भरलेली पिकअप ढकलायची म्हटलं की मघाशी जमलेल्या माणसांना आपापली कामं आठवतात.

आजोबांच्या विहिरीवर किर्लोस्करचं डिझेल इंजिन होतं. डीकॉम्प्रेशनचा खटका वर करायचा, हँडल गरागरा फिरवायचं, चाकाने वेग घेतला की खटका सोडायचा. धाडधाड करत इंजिन चालू. ना बॅटरी, ना सेल्फ, ना शेजाऱ्याचं निदान. मोटारींनाही पूर्वी हँडलच असायचं. १९१२ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा सेल्फ कॅडिलॅकमध्ये बसला आणि मोटार सुरू करायला दंड लागेनासा झाला. दंड गेला, त्या जागी बॅटरी आली, आणि दंड दुखण्याच्या जागी डोकं दुखू लागलं.

ही बॅटरी म्हणजे शिशाच्या पट्ट्या आणि पातळ केलेलं गंधकाम्ल. गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये ती काढली आणि तेव्हापासून तिच्या पोटातली मूळ गोष्ट बदललेली नाही. सहा सेल, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट, मिळून १२.६. मल्टिमीटरवर बंद गाडीत १२.६ दिसलं तर भरलेली, १२.२ दिसलं तर निम्मी, १२ च्या खाली गेलं तर उतार शोधा. मात्र दाजींचीच नव्हे, गावातल्या निम्म्या लोकांची समजूत अशी की बॅटरीत वीज ‘असते’. मी त्यांना सांगून पाहिलं की बॅटरी म्हणजे विकास सोसायटीचं पीककर्ज आहे. सकाळी सेल्फ मारताना उचल घ्यायची आणि दिवसभर डायनामोने ती फेडायची. फेड झाली नाही तर सोसायटी बदलून काय उपयोग? दाजी म्हणाले, “पाव्हणं, कर्ज माफ होतं की कधीकधी.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर सोसायटी बदलण्यात आली. म्हणजे आधी बॅटरीवाल्याकडे गेलो. त्याने बुचं उघडली, काचेच्या नळीत ॲसिड ओढलं, आत तरंगणारा काटा लाल पट्ट्यात बुडालेला दाखवला. “बघा, ग्रॅव्हिटीच नाही.” चार्ज असलेल्या बॅटरीत ॲसिडची घनता पाण्याच्या सव्वापट, म्हणजे १.२६ च्या आसपास असायला हवी, ती बरीच खाली होती हे खरं. पण त्याने दुसरं बूच उघडलं, तिथेही तेवढीच. तिसरं, तेवढीच. सहाही सेल सारखेच खाली. एखादाच सेल खाली असता तर तो गेलाय म्हणता आलं असतं. सहाच्या सहा एकाच पातळीवर असतील तर बॅटरी मेलेली नसते, उपाशी असते. मी तसं म्हणून पाहिलं. बॅटरीवाल्याने माझ्याकडे, मग माझ्या चष्म्याकडे पाहिलं आणि दाजींना विचारलं, “सर शाळेत आहेत का?” निवृत्त झालेत म्हटल्यावर त्याचा माझ्यातला रस संपला. जुनीचे पैसे वजा करून नवी बॅटरी बसली, टर्मिनलला ग्रीस लागलं, वर हळदकुंकू लागलं, आणि गाडीने ‘घर्र’ केलं.

नवी बॅटरी दुकानातून चार्ज होऊनच येते. त्यामुळे ती बसवल्याबरोबर गाडी बरी झाल्यासारखी वाटते, आणि तिचं पोटातलं सगळं खाऊन संपेपर्यंत वाटतच राहते. आठवडाभर दाजी सपाट जागेवर गाडी लावून हिंडले. सपाट जागेवरची सगळी नातीगोती त्यांनी त्या आठवड्यात उरकली. मग एका पहाटे ‘उंऽऽह... उंऽऽह...’ आणि ओट्यावरून, “नवीन टाकली होती ना?”

आता डायनामोवाला. गाडीत असतो खरा अल्टरनेटर, पण तो शब्द आमच्याकडे फक्त बिलावर येतो. डायनामो खोलल्यावर त्याचं शेपूट म्हणून एक व्हॅक्युम पंप निघतो, हे दाजींना त्या दिवशी कळलं. डिझेल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्युम आयता तयार होत नाही, म्हणून वेगळा पंप लागतो आणि तो बऱ्याच गाड्यांत डायनामोच्याच बुडाशी बसवलेला असतो. “म्हणजे डायनामो काढला तर ब्रेकपण घट्ट होणार?” दाजींनी विचारलं. “व्हय.” “आणि हे आजपर्यंत मला कोणी सांगितलं नाही?” पुढचा अर्धा तास दाजी बाकावर बसून, गेल्या काही वर्षांत आपण कुठले कुठले घाट उतरलो याची मनात उजळणी करत होते.

डायनामोवाल्याने कार्बन बदलले, ते घासले होतेच. बेअरिंग बदललं, ते वाजत नव्हतं पण “वाजलं असतं”. पंपाच्या सीलमधून आत आलेलं तेल दाखवून त्याने सीलही बदललं, आणि ते काम खरोखर गरजेचं होतं. कटाऊट, म्हणजे व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर, “घाला नवा, कटकट नको” म्हणून घातला. मग डायनामो टेबलावर पट्ट्याला जोडून मोटरने जोरात फिरवला. मीटरवर १४.२. “एक नंबर!” बॅटरी चार्ज व्हायची तर पावणेचौदा ते साडेचौदाच्या दरम्यान व्होल्टेज हवं, तेव्हा या ‘एक नंबर’मध्ये खोट काढायला जागा नव्हती. त्या टेबलावरची मोटर मात्र किती वेगाने फिरत होती, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही. विचारायला हवं होतं. दाजींची गाडी आयुष्यात कधी त्या वेगाने फिरलेली नाही.

तिसरी तपासणी लासलगावात भर बाजारात झाली. कांद्याच्या बाजारात गाडीचं काम बघा. पहाटे, कधी आदल्या रात्रीच, रांगेत लागायचं. रांग सरकली की गाडी चालू, चार हात पुढे, बंद. लिलावाच्या ओळीत उभं राहायचं, व्यापारी येऊन ढीग उकरून भाव बोलून जाणार. मग चालू, काट्यावर वजन, बंद. चालू, व्यापाऱ्याच्या खळ्यावर, बंद, गाडी खाली, मोकळ्या गाडीचं वजन, पुन्हा चालू. दर वेळी सेल्फ. पण एक सांगतो, सेल्फला उगीच बदनाम करतात. तो ओढतो दोनशे-अडीचशे अँपिअर, पण दोन-तीन सेकंद. खरी बॅटरी खाते ती रांगेतली रात्र: केबिनमधला दिवा, मोबाइलचं चार्जिंग आणि भाच्याचा टेप. पाच अँपिअरने सहा तास वाजला तर तीस अँपिअर-तास गेले. एवढ्यात सेल्फ शंभरदा मारून झाला असता.

तर रांगेत गाडी अडली आणि चार जण जमले. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून वायरी लावून ती चालू केली. त्यातल्या एकाने छातीठोक सांगितलं, “आता चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढायचं. गाडी चालू राहिली तर डायनामो ओके, बंद पडली तर डायनामो गेला.” ही परीक्षा काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत प्रसिद्ध आहे. कुणाला ती कुठून मिळाली हे माहीत नाही. ती बहुधा जन्मतःच येते. त्याने पान्याने टर्मिनल सोडवलं, एक ठिणगी उडाली, गाडी चालूच. टाळ्या पडायच्या बाकी राहिल्या. “डायनामो ओके आहे, दाजी!”

मी हात वर करून म्हणालो की ही जुन्या बनावटीची डिझेल गाडी आहे. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते, ठिणगीला वीज लागते, तेव्हा तिथे या परीक्षेला निदान थोडा तरी अर्थ होता. डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबली जाते की तापून डिझेल आपोआप पेट घेतं, आणि पंप यंत्रानेच चालतो. एकदा चालू झाल्यावर या इंजिनाला विजेशी देणंघेणं नाही. तुम्ही बॅटरी काढा, डायनामोची सगळी वायरिंग कापून भंगारात घाला, ती दांडा ओढेपर्यंत चालतच राहणार. शिवाय चालू गाडीत बॅटरी तोडली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि आतले डायोड जाऊ शकतात, म्हणजे नसलेला बिघाड या परीक्षेने तयार होतो. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग तो टर्मिनलवाला म्हणाला, “ते ठीक आहे सर, पण गाडी चालू राहिली की नाही?” राहिली होती. मुद्दा निकालात निघाला.

मग वायरिंगवाला. वायरिंगवाल्याचा देव एकच, अर्थिंग. गाडीतल्या यच्चयावत दुखण्यांचं मूळ तो अर्थिंगमध्ये बघतो आणि निम्म्या वेळा बरोबर असतो, हीच खरी पंचाईत. इंजिन आणि चेसिसला जोडणारी वेणीदार पट्टी गंजून दोन-चार तारांवर लोंबत होती. ती त्याने बदलली. टर्मिनलवरची निळी-हिरवी पूड गरम पाण्याने धुतली. मग त्याने आपलं हत्यार काढलं: दोन वायरी लावलेला एक बल्ब. गाडी बंद, किल्ली खिशात, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून मध्ये हा बल्ब जोडला. काहीच चालू नसताना बल्ब मिणमिणला.

“कोणीतरी वीज पितंय,” वायरिंगवाला म्हणाला, आणि सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

फ्यूज एकेक उपटायला सुरुवात झाली. हा बघण्यासारखा कार्यक्रम असतो. हॉर्नचा काढला, बल्ब तसाच. वायपरचा काढला, तसाच. बाहेर लावलेल्या रंगीत पट्ट्यांचा काढला, तसाच. भाचा तेवढ्यात “मी पाणी घेऊन येतो” म्हणून उठला आणि अक्काने त्याला शर्टाला धरून खाली बसवलं. सीटमागे लपवलेला एक फ्यूज सापडला, तो उपटल्याबरोबर बल्ब विझला. त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला अँप्लिफायर होता, त्याच्यापुढे दोन मोठे बूफर होते आणि या सगळ्याच्या मागे भाचा होता. अँप्लिफायर थेट बॅटरीवर घेतला होता, टेप बंद केला तरी तो रात्रभर जागाच. दाजींनी बूफरकडे बोट दाखवून विचारलं, “हे कधी आलं?” भाचा म्हणाला, “नवीन बॅटरीबरोबर.” कारण नवी बॅटरी आली म्हणजे आता परवडेल, असा त्याने हिशोब केला होता.

चोर सापडला. चोराने कबूल केलं. गावात बातमी झाली. अँप्लिफायरची वायर किल्लीच्या पलीकडे घेतली गेली, आणि बिघाडशोधनातला सगळ्यात घातक क्षण आला, तो म्हणजे सगळ्यांचं समाधान झालं. एका दुखण्याचं एकच कारण असतं असं आपल्याला वाटतं. जुन्या गाडीला ते मान्य नसतं. गंजलेली पट्टी खरी होती, घासलेले कार्बन खरे होते, अँप्लिफायरही खरा होता, आणि तरी पुढच्या बाजाराला रांगेत पुन्हा ‘कटकटकट’ झालंच.

मात्र आता एक गंमत लक्षात यायला लागली होती. भाचा माल घेऊन कसाऱ्याच्या घाटातून वाशीला जाऊन आला की गाडी दोन दिवस खणखणीत चालायची. दाजींनी चालवली की संध्याकाळपर्यंत बसायची. अक्का म्हणाली, “ज्याच्या त्याच्या हाताला गुण असतो.” दाजींनी हे फार मनाला लावून घेतलं. ज्या गाडीचे हप्ते आपण फेडले तिने पोराची बाजू घ्यावी, यापेक्षा त्यांना बॅटरीचा खर्च परवडला असता.

मी मल्टिमीटर विकत घेतला होता, चार-पाचशे रुपयांत चांगला येतो. पण त्यातही एक मेख होती. मी “गाडी चालू करा” म्हटलं की भाचा आत बसायचा, चालू करायचा आणि न सांगता दणकन रेस द्यायचा. मीटर लावल्यावर रेस द्यायची, ही मिस्त्रीलोकांची सवय आहे आणि ती बघून बघून सगळ्या पोरांच्या पायात उतरली आहे. रेस दिली की १४.२. दर वेळी १४.२. मग एकदा भाचा गावात नव्हता, आणि दाजी स्वतः बसले. त्यांच्या पद्धतीने, ॲक्सिलरेटरला न दुखवता त्यांनी गाडी चालू केली. मीटरवर १२.१. मी डोळे पुसले. १२.१. गाडी चालू, पट्टा फिरतोय, डायनामो फिरतोय आणि चार्जिंग शून्य. “आता जरा रेस द्या.” “कशाला?” “द्या हो.” “डिझेल जळतं, पाव्हणं.” खूप विनवण्यांनंतर त्यांनी पाय दाबला. आकडा थरथरला आणि एकदम १४.२ वर जाऊन बसला. पाय काढला, इंजिन मंद झालं, आकडा मात्र १४ च्या आसपास टिकून राहिला. गाडी बंद करून पुन्हा हळुवार चालू केली, पुन्हा १२.१.

म्हणजे डायनामो झोपेतून उठत नव्हता. एकदा हलवून उठवला की दिवसभर काम करायचा. आणि दाजी काही त्याला हलवत नव्हते. लासलगावच्या रांगेत तर दर चार हातांवर गाडी बंद करून ते त्याला पुन्हा झोपवत होते.

हे आकडे कागदावर लिहून आम्ही मनमाडच्या एका म्हाताऱ्या वायरिंगवाल्या चाचांकडे गेलो. चाचांनी कागद पाहिला, बॉनेट उघडलंच नाही. दाजींना म्हणाले, “किल्ली ऑन करा. चालू नका करू. आता सांगा, समोर लाल काय काय पेटलंय?”

दाजींनी वाकून पाहिलं. “काहीच नाही. लाल एकही नाही.” हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. डॅशबोर्डवर लाल दिवा नाही म्हणजे गाडीत बिघाड नाही, यासारखं सुख नाही.

“किल्ली ऑन केली की बॅटरीचा लाल दिवा पेटायलाच पाहिजे,” चाचा म्हणाले. “तो नुसता दिवा नसतो, दाजी.”

मग त्यांनी समजावलं ते मी शिकवायचो त्यापेक्षा बरं होतं. डायनामोत आत फिरतं ते एक विजेचं चुंबक. चुंबक जागं झाल्याशिवाय वीज तयार होत नाही आणि वीज आल्याशिवाय चुंबक जागं होत नाही. ही कोंडी फोडायला सुरुवातीला बाहेरून थोडी वीज लागते, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत ती त्या लाल दिव्याच्या बल्बमधूनच जाते. तीन वॅटचा बल्ब असेल तर साधारण पाव अँपिअर. तेवढ्यावर डायनामो उठतो, मग स्वतःच्या विजेतून स्वतःचं चुंबक पोसतो. बल्बच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं आणि दिवा विझतो. बल्ब नसला तर? लोखंडात उरलेल्या जुन्या चुंबकत्वावर भागवावं लागतं, आणि ते इतकं कमी असतं की जोरात फिरवल्याशिवाय उठत नाही. म्हणून टेबलावर ओके, वाशीच्या रस्त्यावर ओके, रेस दिली की ओके. दाजींच्या पायाखाली मात्र नाही.

“मग बल्ब उडालाय?” मी विचारलं.

चाचांनी मीटरचा डबा मागून खोलला, होल्डर फिरवून बल्ब बाहेर काढला आणि तळहातावर ठेवला. पांढऱ्या बुडाचा, चिमुकला, नवाकोरा एलईडी. निळा. भाच्याने बाजारातून ‘निळं मीटर’ म्हणून पाकीट आणलं होतं आणि मीटरमागचे सगळे बल्ब बदलून टाकले होते. एलईडीतून जाते ती वीज इतकी थोडी की डायनामोला तिची खबरही लागत नाही. आणि वर कडी म्हणजे लाल काचेमागे निळा दिवा. लाल काच निळा उजेड बाहेर सोडतच नाही. दिवा आत इमाने इतबारे पेटत होता, ओरडून सांगत होता, आणि बाहेर अंधार. हेडलाइटच्या अप्परचा दिवा तेवढा निळ्या काचेमागे असल्याने झगझगीत दिसायचा. त्याचं भाच्याला फार कौतुक होतं.

चाचांनी तेवढ्यात ऑइलच्या दिव्याचाही एलईडी काढून दाखवला. इथे मात्र ते हसत नव्हते. “बॅटरी बसली तर धक्का मारता येतो. ऑइलचं प्रेशर गेलं आणि हा दिसला नाही, तर इंजिन जातं.” दाजींनी भाच्याकडे पाहिलं. भाच्याने बूफरकडे पाहिलं. बूफरचं भवितव्य तिथेच ठरलं.

दोन जुन्या पद्धतीचे बल्ब बसले. किल्ली ऑन केल्यावर दोन लाल दिवे पेटले, दाजींनी पाय न लावता गाडी चालू केली, दिवे विझले, मीटरवर १४.१. बल्बचे पैसे इतके किरकोळ झाले की दाजींचा विश्वास बसेना. त्यांनी चाचांना दोनदा विचारलं, “अजून काही बदलायचं असेल तर बदला, संकोच करू नका.” नवी बॅटरी, कार्बन, बेअरिंग, कटाऊट, अर्थिंग एवढं सगळं झाल्यावर आजार चणाडाळीच्या किमतीत बरा व्हावा, हा त्यांना अपमान वाटला.

गावात यश वाटून घेतलं गेलं. बॅटरीवाला म्हणाला, आपली बॅटरी सेट व्हायला वेळ लागतो. डायनामोवाला म्हणाला, नवीन कार्बन बसायला दिवस जातात. पहिला वायरिंगवाला म्हणाला, अर्थिंग मी केलं नसतं तर बल्बने काय केलं असतं? यात थोडं तथ्य असल्यामुळे मी गप्प बसलो. टर्मिनलवाला म्हणाला, मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, डायनामो ओके आहे. आणि हे मात्र शब्दशः खरं होतं, त्यामुळे त्याच्यापुढे बोलायची सोयच राहिली नाही.

दाजी आता शर्टाच्या खिशात, तंबाखूच्या पुडीशेजारी, तीन वॅटचे चार बल्ब बाळगतात. कुणाचं काहीही बंद पडलेलं दिसलं की थांबतात. मागच्या बाजाराला रांगेत पुढची पिकअप अडली, पोरगा घामाघूम होऊन सेल्फ मारत होता. दाजी खाली उतरले, त्याला बाजूला केलं, मीटर मागून खोलायला लावलं, स्वतःच्या खिशातला बल्ब बसवला आणि म्हणाले, “मार आता सेल्फ.” त्याने मारला. इंजिन खणखणीत फिरलं, फिरत राहिलं, लागलं मात्र नाही. मागून कोणीतरी टाकीचं झाकण उघडून आत काडी घालून पाहिली आणि ओरडला, “दाजी, यातलं डिझेल संपलंय!”

दाजींनी क्षणभर विचार केला. मग पोराला म्हणाले, “त्याचाही दिवा असतो. तो पेटत होता का बघ आधी.”